पेठांखालचं पाणी

पुणे-सातारा रस्त्यावर कात्रजकडून शहरात येताना धनकवडी, पद्मावती, बिबवेवाडी या भागात मधूनच काळ्या दगडाचा एक बुटका मनोरा दिसतो. त्याला कळस नाही, मूर्ती नाही, जवळपास देऊळही नाही. भोवती रिक्षा लागलेल्या असतात, शेजारी चहाची टपरी असते, एखाद्या निवडणुकीचा पोस्टर दगडाला डकवलेला असतो. कुणी त्याला समाधी समजतं, कुणी कसली तरी चौकी. ही खरं तर पाण्याच्या नळाची श्वास घ्यायची जागा आहे. तिचं पेशवाईतलं नाव उच्छ्वास.

पुणं बघायचं म्हटलं की पाहुण्याला शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, तुळशीबाग असा ठरलेला फेरा घडवतात. तो वाईट नाही. पण या शहराचा मला आवडणारा इतिहास जमिनीच्या वर कमी आणि खाली जास्त आहे. पेठांच्या पोटातून कधीकाळी पाणी कुठून कुठे जायचं एवढा एकच प्रश्न धरून चाललं, तर चौकांची नावं, रस्त्यांची वळणं, पावसाळ्यात तुंबणाऱ्या जागा आणि जुने जातीय तंटे हे सगळं एकमेकांना जोडलेलं दिसायला लागतं.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, म्हणजे १७४० ते १७६१ या वर्षांत, पुणं झपाट्याने वाढलं. नव्या पेठा वसल्या, सरदारांचे वाडे उभे राहिले, त्यांच्यामागे सावकार, कारकून, कासार, सोनार, भिक्षुक आले. मुठा नदी काठावर होती खरी, पण उन्हाळ्यात तिला पाणी ते किती असणार! शिवाय नदीचं पाणी खाली आणि वस्ती वर, म्हणजे घागर-घागर वाहून आणण्याला पर्याय नाही. गावात विहिरी होत्या, पण लष्करी राजधानीची तहान तेवढ्यावर भागणारी नव्हती. १७५० च्या सुमारास दक्षिणेला कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याशी बंधारे घालून पाणी अडवलं गेलं आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत दहा-बारा किलोमीटर लांबीचा दगडी नळ बांधून ते शहरात आणलं.

‘नळ’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर लोखंडी पाइप येतो. हा नळ म्हणजे जमिनीखालचा बांधीव बोगदा आहे. घडीव दगड, चुना, वर दगडी छत, आणि उंची अशी की साफसफाईला उतरलेला माणूस बऱ्याच ठिकाणी आत उभ्याने चालू शकेल. पाणी ओढायला कुठे पंप नाही, रहाट नाही. कात्रज उंचावर आणि शनिवारवाडा उतारावर, एवढ्या एका गोष्टीवर सगळी रचना बेतलेली. मात्र उतार जास्त झाला तर पाणी वेगाने धावून बांधकाम खरवडतं आणि कमी झाला तर गाळ बसतो. मधल्या प्रदेशात टेकाडं आहेत, ओढे आहेत. त्या सगळ्यांतून तोल साधत हा उतार कायम ठेवणाऱ्या कारागिरांची नावं आज कुणालाही सांगता येत नाहीत. बांधून घेणाऱ्याचं नाव मात्र प्रत्येक पुस्तकात आहे. आपल्या इतिहासलेखनाची ही जुनी खोड आहे.

उच्छ्वासांचं काम इथे येतं. बंद बोगद्यातून पाणी वाहताना हवा कोंडली की प्रवाह अडखळतो, बांधकामावर दाब येतो. म्हणून ठरावीक अंतरावर वरपर्यंत उभी विवरं ठेवली. त्यातून हवा बाहेर पडते, गाळ काढायला माणूस आत उतरतो आणि नळ चोंदलाच तर कुठल्या टप्प्यात चोंदला हे वरून डोकावून कळतं. जमिनीवर त्यांना दगडी मनोऱ्याचा आकार दिला, म्हणजे गुरंढोरं, माणसं, पावसाचा लोंढा आत पडायला नको. नकाशावर हे उरलेले मनोरे एका रेषेत जोडले तर जमिनीखालच्या नळाचा मार्ग आपोआप उमटतो. यातले कित्येक रस्तारुंदीत आणि बांधकामांत गेले. जे उरलेत त्यांच्यापुढे साधी पाटीसुद्धा क्वचित दिसते.

शहरात शिरल्यावर या पाण्याला फाटे फुटत. एक वाटा शनिवारवाड्यात जाई. तिथलं हजारी कारंजं याच पाण्यावर उडायचं. सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचं हे कारंजं लहानग्या सवाई माधवरावांच्या कौतुकासाठी केलं असं सांगतात. नाव हजारी, पण तोट्या दोनशेसुद्धा नव्हत्या. पुणेरी अतिशयोक्तीची परंपरा बरीच जुनी दिसते! आज वाड्याच्या आत उरलेल्या जोत्यांमध्ये सगळ्यात जास्त गर्दी याच कोरड्या हौदापाशी असते, पण इथलं पाणी कात्रजहून, पंपाशिवाय यायचं हे बघणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं.

उरलेलं पाणी पेठांतल्या हौदांत. हौद म्हणजे बहुधा जमिनीखालचं दगडी टाकं, वर माणसांनी घागर सोडायला तोंडं ठेवलेली. पाणी सतत येत राहायचं, लोक भरून न्यायचे. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, सदाशिव पेठेतला हौद, नाना हौद अशी ही नावं. आज त्यातली निम्मी नावं बसथांब्यांची आणि चौकांची आहेत. फडके हौदावर रोज हजारो लोक उतरतात-चढतात. ‘हौद कुठाय?’ असं तिथे एखाद्या दुकानदाराला विचारून पाहा. पुण्यात पत्ता विचारणाऱ्याला जो कटाक्ष मिळतो तो मिळेल, उत्तर मिळेलच असं नाही.

कात्रजच्या नळापाठोपाठ सरदारांनीही आपापले नळ आणले. नाना फडणविसांनी आंबेगावहून पाणी आणलं, रास्त्यांनी कोंढव्याहून आपल्या पेठेत. यात पुण्यसंचय होता तसा रुबाबही होता. आपल्या नावच्या पेठेत आपल्या नळाचं पाणी असणं हे दारात हत्ती झुलण्याइतकंच प्रतिष्ठेचं. पण वाड्यापुरतं पाणी आणून कुणी थांबलं नाही, रस्त्यावरच्या हौदातही ते सोडलं, हे मान्य करायला हवं.

मात्र ‘सार्वजनिक’ हा शब्द इथे सावधपणे वापरायला हवा. हौद रस्त्यावर असला तरी त्यात घागर बुडवण्याचा हक्क सगळ्यांना नव्हता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या बायकांनी दूर उभं राहायचं आणि कुणाला दया आली तर वरून ओतलेलं पाणी घ्यायचं, ही रीत पेशवाई गेल्यावरही बदलली नाही. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाआधी जवळजवळ साठ वर्षं. ते घर आज समताभूमी म्हणून जपलं आहे आणि पेठेचं नावही बदलून महात्मा फुले पेठ झालं आहे. पुतळे आणि तसबिरी पाहून लोक परततात. आवारातल्या हौदापाशी थोडं जास्त थांबायला हवं, कारण तिथली सगळ्यात बोलकी वस्तू तीच आहे.

आणखी एक हौद फरासखान्याच्या परिसरात आहे. आकाराने लहान, रहदारीत सहज नजरेआड होणारा. त्याचं नाव बाहुलीचा हौद. शिवाजीनगरचा घोले रोड पुण्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. तो ज्यांच्या नावाचा, ते डॉ. विश्राम रामजी घोले हे नावाजलेले शल्यवैद्य, जोतीरावांचे सहकारी आणि सत्यशोधक. स्त्रीशिक्षणाचा आग्रह बाहेर धरायचा आणि घरात मुलीला चुलीपाशी बसवायचं, हे त्यांना मंजूर नव्हतं. आपली मुलगी काशीबाई हिला त्यांनी शिकवायला घेतलं. तिला लाडाने बाहुली म्हणत. नात्यातल्यांचा याला कडवा विरोध होता. १८७७ मध्ये, आठ वर्षांची असताना, बाहुली गेली. शिक्षणाला विरोध करणाऱ्या नातेवाइकांनीच तिला खाण्यातून काचांचा चुरा घातला अशी कथा पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. घोल्यांनी मुलीच्या स्मरणार्थ हा हौद बांधला आणि तो सर्व जातींना खुला ठेवला. मुलीच्या नावे संगमरवरी छत्री बांधता आली असती. त्यांनी पाणी निवडलं, तेही कुणालाही न अडवणारं, आणि भर बुधवार पेठेच्या तोंडाशी. या शहरातल्या सगळ्या स्मारकांत मला हे सर्वांत धाडसी वाटतं.

पाण्याच्याच भोवती फिरणारा आणखी एक किस्सा गुरुवार पेठेत घडला. तिथल्या पाच हौदांवरून त्या जागेला पंचहौद म्हणतात. पवित्र नाम देवालयाचा उंच मनोरा दुरूनही दिसतो. हे चर्च १८८५ चं. चर्चला लागून मिशनची वस्ती होती. १८९० मध्ये या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान ठेवलं गेलं आणि पुण्यातली चाळीसएक प्रतिष्ठित मंडळी तिथे जमली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, कुणी पेला नुसता हातात धरला, कुणी तोही बाजूला ठेवला. बेत जुळवून आणण्यात आनंदीबाई जोश्यांचे पती गोपाळराव जोशी यांचा हात होता. त्यांनी उपस्थितांची नावं ‘पुणे वैभव’ या वर्तमानपत्रात छापून आणली आणि सनातनी पुणं पेटलं. ख्रिस्ती माणसाच्या हातचं पाणी पोटात गेलं म्हणजे धर्म गेला! तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशीला शास्त्रीमंडळी नेमली गेली, बहिष्काराची तलवार वर्ष-दोन वर्षं टांगती राहिली. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं तेव्हा सुधारक त्यांच्यावर नाराज झाले. हा इतिहास पुस्तकात ‘ग्रामण्य प्रकरण’ म्हणून येतो आणि कंटाळवाणा वाटतो. पण जागेवर जाऊन उभं राहिलं, एका बाजूला देवळाचा मनोरा, नावात हौद, आणि फुल्यांचं घर चालत थोड्याच अंतरावर, की मग त्या कपभर चहाचं वजन कळतं.

मिशनमध्ये चहा उकळत होता त्याच काळात हौदांचं महत्त्व मात्र कमी व्हायला लागलं होतं. छावणीच्या आणि शहराच्या पाण्यासाठी सर जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीतून मुळा-मुठेवर बंधारा झाला तो १८५० मध्ये. आजचं बंडगार्डन हे नाव त्या बंधाऱ्याचं. पुढे १८७९ मध्ये खडकवासल्याचं दगडी धरण पूर्ण झालं आणि पाणी हळूहळू घरातल्या तोटीला आलं. दारात तोटी आली की हौदावर कोण जाणार? काही हौदांवर झाकणं पडली, काही बुजले, काही वाड्यांच्या पाडापाडीत गेले. कात्रजचा नळ मोडला मात्र नाही. त्याचे तुकडे जमिनीखाली तसेच राहिले आणि कुणी पाया खणायला घेतला की अवचित समोर येऊ लागले. २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोचं खोदकाम चालू असताना जुना भुयारी मार्ग लागला, तेव्हा वर्तमानपत्रांत चांगलीच धमाल उडाली. पेशव्यांची गुप्त वाट, खजिना, शनिवारवाड्याकडे पळायचा रस्ता, काय काय निघालं. जाणकारांचा रोख पाण्याच्या व्यवस्थेकडे होता. भुयार दिसलं की आपल्याला आधी पळून जाणारा राजा आठवतो, पाणी फार उशिरा आठवतं.

खडकवासल्यावर सगळा भार टाकण्यातला धोका १२ जुलै १९६१ ला कळला. त्या सकाळी पानशेतचं नवं मातीचं धरण फुटलं, त्याच्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही खचलं आणि मुठेचं पाणी पुलांवरून गेलं. नारायण पेठ, शनिवार पेठ, कसबा इथले नदीकाठचे वाडे मातीचे होते. ते भिजले आणि बसले. काठच्या काही जुन्या इमारतींवर पाणी कुठवर चढलं होतं त्याच्या खुणा आजही आहेत. त्या पाहायला मान वर करावी लागते, एवढंच सांगतो. पूर ओसरला तेव्हा शहरात चिखल होता आणि प्यायला पाणी नव्हतं, कारण पाणी देणारं धरणच गेलं होतं. त्या दिवसांत पेठांतल्या विसरलेल्या विहिरींवर आणि हौदांवर पुन्हा रांगा लागल्या असं ती पिढी सांगते.

पाणी आणण्याइतकीच पाणी वळवण्याची कथाही रस्त्यांत लपलेली आहे. मूळ गाव, म्हणजे कसबा, दोन ओढ्यांच्या मधे होतं. पश्चिमेला आंबील ओढा, पूर्वेला नागझरी. आंबील ओढा कात्रजच्याच बाजूने उतरून आजच्या सदाशिव-बुधवार पेठांच्या भागातून वाहत मुठेला मिळायचा. तांबडी जोगेश्वरीचं देऊळ या ओढ्याच्या काठी, गावाबाहेर होतं. आज त्या देवळाच्या चारी बाजूंना भांडी, पुस्तकं आणि कपड्यांची दुकानं आहेत. ओढ्याला पूर आला की गाव भिजायचं आणि पश्चिमेला वाढायचं तर तो आडवा यायचा. म्हणून नानासाहेबांनी पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून त्याचं पाणी अडवलं, मोठं तळं केलं आणि ओढ्याला पश्चिमेकडून नवी वाट दिली. बांधाचं काम रेंगाळत होतं तेव्हा खुद्द पेशवे हत्तीवरून उतरून दगड उचलू लागले आणि मग सगळ्या सरदारांची पळापळ झाली, अशी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. खरी असो-नसो, सरकारी कामाला वेग कसा येतो हे सांगणाऱ्याला नेमकं माहीत होतं.

त्या तळ्यात एक बेट होतं. सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये, बेटावर गणपती बसवला. तोच तळ्यातला गणपती, म्हणजे सारसबाग. काठावर हिराबाग होती, पेशवे तिथून नावेने फिरत. विसाव्या शतकात तळं गेलं, बाग झाली. रविवारी संध्याकाळी भेळ खात लोक ज्या हिरवळीवर बसतात ती तळ्याचा तळ आहे. बागेत रस्त्यावरून खाली उतरून का जावं लागतं, या प्रश्नाचं उत्तर एवढंच. आणि वळवलेला ओढा? तो दांडेकर पुलाखालून जातो. बहुतेकांना तो गटार वाटतो, कारण वर्षभर त्याला तसंच वागवलेलं असतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरावर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, तलाव ओसंडला आणि या ‘गटारा’ने काठच्या सोसायट्यांच्या भिंती पाडल्या, गाड्या वाहून नेल्या. त्या रात्रीच्या पुराने पुण्यात आणि आसपास वीसहून जास्त माणसं गेली. ओढा वळवता येतो, हे पेशव्यांनी करून दाखवलं होतं. पात्र अरुंद करत नेऊन त्याला नाहीसं करता येतं हा समज मात्र अलीकडचा, आपलाच.

पूर्वेची नागझरी तर अजूनच लपलेली. तिच्यावरचे पूल इतके ठेंगणे आणि दुकानांनी वेढलेले आहेत की दारूवाला पुलावरून जाणाऱ्याला आपण पुलावर आहोत हे कळतही नाही. तिच्या पलीकडे गाव संपायचं. म्हणूनच तिकडच्या देवांची नावं रानातली आहेत. नाना पेठेतला निवडुंग्या विठोबा हे त्यातलं एक. निवडुंगाच्या जाळीत सापडलेला, म्हणून निवडुंग्या. त्या भागात आज निवडुंग सोडा, तुळसही कुंडीत लावावी लागते.

याच ओढ्याजवळ, सोमवार पेठेत, त्रिशुंड गणपती आहे. भीमगिरजी गोसावी यांनी हे बांधकाम १७५४ मध्ये सुरू केलं, १७७० मध्ये मूर्ती बसली. पुण्यातली बहुतेक पेशवेकालीन देवळं लाकूड आणि चुन्याच्या कामाची, आणि हे मात्र काळ्या दगडाचं, खालपासून वरपर्यंत कोरलेलं. आतला गणपती मोरावर बसलेला, तीन सोंडांचा. दर्शनी भिंतीवर साखळदंडाने बांधलेला गेंडा आणि भोवती बंदुका घेतलेले गोरे शिपाई आहेत. पुण्यात गेंडा कुठला? जाणकार त्याचा संबंध पूर्वेकडच्या प्रदेशाशी लावतात. प्लासीची लढाई १७५७ ची, म्हणजे देवळाचं काम चालू असतानाची. इंग्रजांनी बंगाल कसा जखडला ही त्या दिवसांची ताजी बातमी होती, आणि ती देवळाच्या दारावर कोरली गेली. इंग्रज पुण्यात मालक म्हणून यायला तेव्हा आणखी साठ वर्षं होती. आत गाभाऱ्याच्या भिंतीवर संस्कृत लेख आहेत आणि फारसीही आहे. गणपतीच्या देवळात फारसी लेख हे त्या काळात कुणाला वावगं वाटलं नव्हतं.

देवळाच्या खाली तळघर आहे, त्यात गोसाव्याची समाधी, आणि ते तळघर वर्षभर पाण्याने भरलेलं असतं. एवढ्या इमारती झाल्या, ओढा आवळला गेला, तरी त्या जागेचं पाणी हटलेलं नाही. गुरुपौर्णिमेच्या वेळी ते उपसतात आणि मग खाली उतरून समाधीचं दर्शन घेता येतं. जायचं असेल तर सकाळी लवकर जावं. गल्ली अरुंद आहे, गाडी कमला नेहरू रुग्णालयाच्या बाजूला लावून चालत गेलेलं बरं.